जोडणी तुझ्या नावावर आहे

३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं यातच दोन दिवस गेले. चि. लिहावं, तर तूही आता त्रेसष्ट वर्षांची झाली असशील. श्रीमती लिहावं, तर अकराव्या वर्षी जिला बोट धरून या घरात आणलं तिला ते कसं लिहायचं? म्हणून घरात म्हणायचो तेच लिहिलं. राग आला तर येऊ दे, पण पत्र फाडू नकोस. आत कामाचा कागद आहे.

पाकिटावर मुद्दाम फक्त माझं नाव घातलंय. ताईची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवली होतीस. माझं फोडशील असं वाटलं. पत्ता तुमच्या निवृत्त लोकांच्या संघटनेतून मिळाला. तिथल्या गृहस्थांनी मला अर्धा तास उलटसुलट विचारलं, मग दिला.

काम असं आहे. आपल्या घरातला फोन अजून तुझ्याच नावावर आहे. तू एक्स्चेंजला ऑपरेटर होतीस म्हणून तो आपल्याला सहा महिन्यांत मिळाला, बाकीची गल्ली नऊ-नऊ वर्षं वाट बघत होती. तू गेल्यावर मी नाव बदललं नाही. बिल येत गेलं, भरत गेलो. पण आता नवीन नियम आलेत. बिलासोबत छापील पत्रक आलं, ते मी चार वेळा वाचलं. जुन्या तांब्याच्या तारा एप्रिलअखेर काढून टाकणार. यापुढे फोन आणि इंटरनेट दोन्ही एकाच डब्यातून येणार. नंबर आहे तोच ठेवता येईल, पण ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यानं स्वतः सही करून कळवायचं. साठ दिवसांत कळवलं नाही, तर नंबर बंद. आणि एकदा बंद झाला की तो दुसऱ्या कुणालाही देतील.

सोबत जोडणी माझ्या नावावर करायचा फॉर्म जोडलाय. खूण केली आहे तिथे सही, आणि तुझ्या ओळखपत्राची एक प्रत. एवढंच.

नंबर बदलला तरी तसं काही अडत नाही. सवयीचा आहे, इतकंच. तुझी ताई बरी आहे. मीही बरा आहे. इस्पितळाच्या धुलाईतल्या बॉयलरवरून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण पहाटे अजून दाबाचा काटा बघायला जाग येते.

तुझे,
भाऊजी

ता. क. — मी सहावी शिकलेला माणूस. फॉर्मात कुठे चुकलो असेन तर तूच दुरुस्त कर.


१९ फेब्रुवारी

धाकटे,

सोळा दिवस झाले. पत्र पोहोचलं नसेल असं आधी स्वतःला समजावलं. मग पोस्टात विचारलं. पोहोचलंय म्हणाले.

रोज सकाळी पत्रक काढून तारीख मोजतो. काल ग्राहक केंद्रात जाऊन आलो. काउंटरवर एक बाई आहेत, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांना म्हटलं, "जोडणी मेहुणीच्या नावावर आहे आणि ती आमच्याशी बोलत नाही. काही सूट?"

त्या म्हणाल्या, "आजोबा, न बोलणाऱ्या नातेवाइकांसाठी सूट दिली तर इथे रांग बाहेर रस्त्यापर्यंत जाईल."

मागचे लोक हसले. मीही हसलो. पण बाई चांगल्या आहेत. आता नवीन नियमात, तक्रार केली की माणसानंच उत्तर द्यायचं, तेही सात दिवसांत आणि लेखी, म्हणून त्यांनी माझी तक्रार स्वतःच्या हातानं लिहून घेतली. मला वाटलं, चाळीस वर्षांत या फोनच्या कचेरीत माझं बोलणं कुणी लिहून घेतलेलं हे पहिलंच.

तक्रारीत कारण लिहायचं होतं. तिथे मी खरं सांगितलं. म्हणून तुलाही सांगतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं ते खोटं होतं.

तुझी ताई बरी नाही. तिला विसर पडतो. चष्मा, किल्ल्या विसरतात तसा नाही. दुपारी जेवलो ते संध्याकाळी आठवत नाही, आणि गल्लीच्या टोकाला गेली की कुठलं वळण आपलं ते कळत नाही. गेल्या वर्षात तीन वेळा हरवली. एकदा बस डेपोत सापडली, एकदा पावाच्या दुकानात, एकदा तर भलत्याच शाळेच्या फाटकात मुलांना घ्यायला आलेल्या बायकांबरोबर उभी होती. तिन्ही वेळा लोकांनी विचारलं, आजी, कुठे राहता? तिला सांगता आलं नाही. नाव पण एकदा माहेरचं सांगितलं. पण घरचा फोन नंबर विचारला की ती एका दमात म्हणते. तिन्ही वेळा घंटा वाजली, मी उचलला आणि जाऊन घेऊन आलो.

डॉक्टर म्हणतात, नवीन काही आता तिच्या डोक्यात टिकणार नाही. मी मोबाइलचा नंबर पाठ करून घ्यायचा प्रयत्न केला. पंधरा दिवस. मग कापडाच्या पट्टीवर नंबर लिहून तिच्या पदराला आतून शिवला. तिनं टाके उसवून पट्टी माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "मी काय तुमच्या इस्पितळाच्या धुलाईतली चादर आहे, नंबर शिवायला?"

असं काही बोलली की वाटतं, सगळी जागेवर आहे. मग अर्ध्या तासानं विचारते, "धाकटी ड्यूटीवरून आली का?"

तुला हे कळवायचं नव्हतं. तू म्हणशील, भाऊजींनी नीट सांभाळलं नाही. म्हणशील ते खरंच असेल. पण नंबर गेला तर ती कुठे उभी राहील आणि काय सांगेल, हे मनात आलं की हातातला पेला खाली ठेवावा लागतो. सही कर. माझ्यासाठी नको करूस.

भाऊजी


६ मार्च

धाकटे,

काल तुझं पाकीट आलं. सही आहे, ओळखपत्राची प्रत आहे, प्रत खरी असल्याचा शिक्काही मारून घेतला आहेस. मला तो सुचला नव्हता. पाकीट दोनदा झटकलं, चिठ्ठी नव्हती. नसू दे.

फॉर्ममध्ये "अर्जदाराचे जोडणीधारकाशी नाते" असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला होता, कारण मला लिहिता येईना. तू तिथे "बहिणीचे यजमान" असं लिहिलंस. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं. मी तो रकाना ताईला दाखवला. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हिला सांगा, दूध संपलंय."

तुझे उपकार कसे मानायचे ते मला येत नाही. हातानं काम करणाऱ्या माणसाला हे शब्द जड जातात. बॉयलरचा दाब उतरला की आम्ही फक्त "उतरला" एवढंच म्हणायचो आणि चहा घ्यायचो. तेवढंच म्हणतो. उतरला.

फॉर्म त्याच दिवशी देऊन आलो. त्या बाईंनी वरपासून खालपर्यंत वाचला. तिथला विक्रीवाला मला म्हणत होता, डब्यासोबत सिनेमाचं पॅकेज घ्याच आजोबा, नाहीतर जोडणीला उशीर होईल. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "नवीन नियमात सक्ती नाही. आणि त्यांना जे हवंय ते तुझ्या पॅकेजात नाही."

अजून एक समजलं. नवा डबा विजेवर चालतो, वीज गेली की फोन बंद. पण आजारी किंवा म्हातारं माणूस असलेल्या घराला कंपनीनं आठ तासांची बॅटरी फुकट द्यायची, असंही नियमात आहे. मी न विचारताच त्यांनी सांगितलं. हे नियम कुणी बसून लिहिले मला ठाऊक नाही, पण लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कुणाची तरी आई असणार.

जोडणी आता माझ्या नावावर होईल. मात्र जोडणीधारकाला चौदा दिवस असतात. तेवढ्यात तुला वाटलं तर तू संमती मागे घेऊ शकतेस. म्हणजे एकोणीस तारखेपर्यंत. हा नियम आहे म्हणून कळवलं.

भाऊजी


११ मार्च

धाकटे,

खरं तर हे पत्र मी वीस तारखेला टाकणार होतो.

लिहून झालं होतं सात तारखेलाच. ट्रंकेत, कपड्यांखाली ठेवलं. म्हटलं, चौदा दिवस जाऊ देत, नंबर पक्का होऊ दे, मग टाकू. चार दिवस तसाच वागलो. पण तू एक अक्षर न विचारता सही पाठवलीस, शिक्का मारून पाठवलीस, आणि मी तारीख मोजत बसलोय, हे मला सोसेना. पूर्वीही मी असाच दार अडवून बसलो होतो. म्हणून आज टाकतोय. चौदा तारखेपर्यंत पोहोचेल. तुझ्या हातात पाच दिवस राहतील.

ऐक.

ज्याच्याशी तुझं जुळत होतं त्या जमीन मोजणीदाराला ताईनं नाही सांगितलं. मी सांगितलं.

तो रविवारी अकरा वाजता फोन करायचा, कारण तुझी दुपारपासून ड्यूटी असायची. त्या तीन रविवारी तुझी पाळी बदलून सकाळची झाली होती आणि तुला त्याला कळवता आलं नव्हतं. फोन मी उचलला. पहिल्या रविवारी म्हटलं, ड्यूटीवर आहे. दुसऱ्या रविवारी म्हटलं, बाहेर गेलीय. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "माझी बदली लांब झालीय, पुढच्या आठवड्यात निघायचंय, एकदा बोलायचं होतं. निरोप द्याल?" मी म्हटलं, "तिचं लग्न ठरलंय."

तो म्हणाला, "बरं. त्यांना शुभेच्छा सांगा." आवाज चढवला नाही. फोन आपटला असता, शिवी दिली असती, तर मला पुढे बरं पडलं असतं.

मी पूर्वी मनात म्हणायचो, माणूस नीट वाटला नाही म्हणून केलं. तेही खोटं. तो चांगला होता. मला भीती वाटली. आम्हाला मूल नाही. तू गेलीस तर घरात दोन माणसं आणि एक घड्याळ राहील, असं वाटलं. कामावर काटा लाल रेघेला लागला की मी झडप उघडायचो. घरात कसली झडप उघडायची मला माहीत नव्हतं, म्हणून जे हाताला लागलं ते बंद केलं.

दोन वर्षांनी तुझ्या एक्स्चेंजमधल्या कुणीतरी तुला सांगितलं, की त्याला तुझ्या घरूनच लग्न ठरल्याचं कळवलं होतं. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलंस, "कुणी सांगितलं?" मी मोरीचा नळ दुरुस्त करत होतो. मी पाना फिरवत राहिलो. आणि ताई म्हणाली, "मी."

तिला त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं. तिनं फक्त माझ्या पाठीकडे बघितलं आणि ओळखलं.

तू तिला जे बोललीस ते सगळं मी ऐकलं. नळ कधीच बसला होता, तरी मी पाना फिरवत होतो. तू पेटी घेऊन निघून गेलीस.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "असं का केलंस?" ती म्हणाली, "तुम्हाला सोसलं नसतं. मला सोसेल असं वाटलं." नंतर पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. अठ्ठावीस वर्षं ती मला दिलेला शब्द पाळत बसली, आणि तो शब्द मी मागितलासुद्धा नव्हता.

आता तिला दुपारचं जेवण आठवत नाही, पण आठवड्यातून एकदा तरी म्हणते, "धाकटीला खरं सांगून टाका हो." म्हणजे ते अजून टोचतंय. डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही.

तो मोजणीदार आता कुठे आहे मला ठाऊक नाही. शोधायचा धीर झाला नाही.

तुला हवं ते कर. संमती मागे घेतलीस तरी मी तक्रार करणार नाही. फक्त ताईवर राग ठेवू नकोस. तुझी सही आली नसती तर हे मी बहुतेक बरोबर घेऊनच गेलो असतो. तुझ्या चांगुलपणानंच मला बोलतं केलं. त्यासाठीही आभार.

ताईचा नवरा


१९ मार्च

धाकटे,

आज सकाळी साडेदहाला ग्राहक केंद्रातून फोन आला. त्या बाईच होत्या. "आजोबा, जोडणीधारकांनी तुमच्या नावाची संमती मागे घेतली आहे." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

तुझं बरोबर आहे. हे मी दुखावून लिहीत नाही. मी तुझ्या जागी राहून पाहिलं, मीही हेच केलं असतं. आणि आधी न विचारता सही केलीस, ती तर केलीच ना. चौदा दिवस मला कुणीतरी विश्वासानं काही दिलं होतं. तेही माझ्या वाट्याला आलंच.

ताईचं मी बघेन. दाराला वर कडी लावेन, तिच्या हाताला लागणार नाही अशी. ती मला जेलर म्हणेल. म्हणू दे. पावाच्या दुकानदाराला, डेपोतल्या वाहकांना, सगळ्यांना जाऊन सांगून ठेवीन. घरी बसून काळजी करण्यापेक्षा फिरून

(दुपारी. वरचं पत्र तसंच ठेवतो, दुसरा कागद नाही.)

बाईंचा पुन्हा फोन आला. चांगल्याच रागावल्या होत्या. "अहो आजोबा, पुढचं ऐकून न घेताच ठेवता काय फोन? सकाळपासून चार वेळा लावला, तुम्ही उचलत नाही!"

मी खुर्चीत बसून घंटा ऐकत होतो. म्हटलं, आता उचलून काय करायचं.

त्या म्हणाल्या, "त्यांनी तुमचं नाव काढलंय आणि तुमच्या मिसेसचं घातलंय. जोडणी आता त्यांच्या नावावर. नंबर तोच. आणि त्या आजारी आहेत म्हणून पडताळणीला मी घरी येणार. तसा नियमच आहे."

मी म्हटलं, "परत सांगता का?"

त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग म्हणाल्या, "आता ठेवा. ठेवायला तर तुम्हाला छान जमतं."

मी रडलो का ते लिहीत नाही. ताई बाहेर येऊन म्हणाली, "कांदा चिरला नाही, काही नाही, कसले डोळे पुसताय?"


४ एप्रिल

धाकटे,

बाई घरी येऊन गेल्या. ताईचा फोटो घेतला, अंगठा घेतला. ताईनं त्यांना विचारलं, "तुम्ही मुलगी बघायला आलात का?" बाई म्हणाल्या, "हो, मुलगी पसंत आहे." मग तारवाला येऊन डबा बसवून गेला, बॅटरीसकट. आपला जुना फोन त्यालाच जोडला. जुनी तार त्यानं गुंडाळून नेली.

तुझी चिठ्ठी परवा आली. तीनच वाक्यं. "तीन तारखेला चार वाजता फोन करीन. ताई उचलेल. तुम्ही उचलायचा नाही." मी ती वाचून घडी घालून खिशात ठेवली. शिक्षा म्हणून लिहिलं असशील. मला मात्र बरं वाटलं. माझ्या हातून झालं त्याला हेच औषध होतं, आणि ते तूच ओळखलंस.

पलीकडून तू काय ऐकलंस ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते लिहितो.

मी साडेतीनला खिडकीजवळ बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, कारण घंटा झाली की ते आपोआप जातात. ताई पलंगावर वाटाणे सोलत होती. चारला तू लावलास.

"अहो, फोन वाजतोय," ती म्हणाली.

"तू उचल."

"मी? बसल्या जागी तुमचे पाय तुटलेत का?"

"तुझाच आहे."

"माझा कसला? मला कोण फोन करतंय?" असं म्हणत ती आणखी दोन शेंगा सोलत बसली. मी घंटा मोजत होतो. सात. आठ. वाटलं, तू ठेवशील. वाटलं, उठावं. नाही उठलो. अकराव्या घंटेला ती उठली, हात पदराला पुसले आणि फोन उचलला.

तिनं तो उलटा धरला, धाकटे. बोलायची बाजू कानाला, ऐकायची तोंडाशी. "कोण? कोण?" म्हणत होती, आणि तुझा आवाज तिच्या हनुवटीपाशी बारीक येत होता, तो मला खुर्चीतून ऐकू येत होता. तू "ताई, ताई" म्हणत होतीस. ती म्हणाली, "कुणी बोलत नाही," आणि ठेवायला लागली.

मी उठलो. तिच्या हातातच तो सुलटा केला, कानाला लावून दिला आणि परत येऊन बसलो. एक शब्द बोललो नाही, श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. तू उचलायचा नाही म्हणाली होतीस. मी उचलला नाही, फक्त फिरवला. तुझ्या अटीत बसतं की नाही ते तू ठरव.

मग चाळीस मिनिटं तुम्ही बोललात. ती मधेच खदखदून हसली, डोक्यावर हात मारला, "अगं ते पांढरं मांजर!" म्हणाली. कुठलं मांजर मला ठाऊक नाही. ते तुमच्या आईकडचं असेल, माझ्या आधीचं. मला विचारायची छाती झाली नाही, आणि गरजही वाटली नाही. एकदा तिनं बराच वेळ काही न बोलता ऐकलं. मग म्हणाली, "जाऊ दे गं. झालं ते झालं. तू जेवतेस ना वेळेवर?" तू काय म्हणाली होतीस ते मी ओळखलं. वाटाण्याच्या टोपलीकडे बघत बसलो.

फोन ठेवून ती परत पलंगावर आली. थोड्या वेळानं म्हणाली, "धाकटी होती."

"हो का?"

"तुमची चौकशी नाही केली तिनं."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

तिनं एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले.

"मीच सांगितलं," ती म्हणाली, "बरे आहात म्हणून."

ताईचा नवरा